तत्त्वज्ञानांची तुलना : पंडितवाद आणि राजवाद

सर्व धर्मांचे सार एकच आहे, हे विधान आपल्या देशात इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याची तपासणी करण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली आहे. सभासंमेलनांतून ते बोलले जाते, शाळांतून ते शिकविले जाते आणि धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबातील तरुणाला महाविद्यालयात वा कचेरीत ते मोठ्या सौजन्याने ऐकविले जाते. सार एकच असेल, तर १९५६ साली लाखो माणसांनी धर्मांतर केले ते कशासाठी, हा प्रश्न त्या सौजन्याच्या पोटातच दडलेला असतो. त्या तरुणाजवळ या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर त्याच्या आजोबांनी केलेली क्रांती त्याच्या दृष्टीने केवळ एका नावाची अदलाबदल ठरते.

म्हणून निरनिराळ्या संस्कृतींत उदय पावलेल्या तत्त्वज्ञानांची तुलना कशी करावी, हा केवळ पंडितांचा विषय नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाचा विचार फार मूलगामी रीतीने केला होता. त्यांच्या निधनानंतर, १९८९ साली शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखनखंडात धर्मांतराची चर्चा करणारे एक प्रकरण आहे. धर्मांच्या तौलनिक अभ्यासाचे शास्त्र एका बाबतीत उपकारक ठरले, असे ते तेथे म्हणतात. आपलाच धर्म ईश्वरप्रणीत व आपलाच तेवढा खरा, हा प्रत्येक धर्माचा अहंकार त्या शास्त्राने मोडून काढला. परंतु त्याच शास्त्राने सर्व धर्म सारखेच चांगले आहेत, त्यांत निवड करण्याचे कारण नाही, असा समजही पसरविला. आणि हा समज बाबासाहेबांना मान्य नव्हता.

या शास्त्राचा इतिहास फार जुना नाही. ऑक्सफर्ड येथे मॅक्सम्युलर यांच्या संपादकत्वाखाली १८७९ पासून पौर्वात्य धर्मग्रंथांच्या इंग्रजी अनुवादांची माला निघू लागली. १९१० पर्यंत तिचे पन्नास खंड पूर्ण झाले. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ साली लंडनमध्ये पालि ग्रंथांच्या प्रकाशनासाठी संस्था स्थापिली. त्यामुळे तिपिटक, अवेस्ता, उपनिषदे, कुराण व चिनी ग्रंथ ही सारी जगाच्या वाचकापुढे प्रथमच एका फळीवर आली. पुस्तके एका फळीवर ठेवता येतात. पण म्हणून त्यांतील विचार एका पातळीवर येतात काय, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार काही ऐतिहासिक प्रसंगांच्या आधारे करावयाचा आहे. त्यांतील बरेचसे आपल्या विदर्भातील, वर्धा जिल्ह्याच्या भूमीशी निगडित आहेत.

सागल नगरीतील अट

दोन भिन्न संस्कृतींतील तत्त्वज्ञाने समोरासमोर बसून बोलली, अशी भारताच्या इतिहासातील सर्वात प्रसिद्ध नोंद म्हणजे मिलिंदपञ्ह. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर हाच या ग्रंथातील मिलिंद होय. त्याची राजधानी सागल हे आजचे सियालकोट, असे सामान्यतः मानले जाते. त्याच्या नाण्यांच्या एका बाजूस ग्रीक व दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीतील प्राकृत लेख आढळतो. म्हणजे राजाच दोन संस्कृतींच्या सीमेवर उभा होता.

या ग्रंथातील रथाचा दृष्टान्त सर्वांना ठाऊक आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, दांडी म्हणजेही रथ नव्हे. या सर्वांच्या संघटनेला रथ हे नाव मिळते. त्याचप्रमाणे नागसेन हेही एक व्यवहाराचे नाव आहे, त्यामागे शाश्वत आत्मा नाही. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा एक लहानसा प्रसंग या ग्रंथात आहे, आणि त्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. राजा पुन्हा वाद करू इच्छितो, तेव्हा नागसेन त्याला एक अट घालतात : पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलू, राजांच्या रीतीने बोलणार असाल तर नाही. दोहोंतील भेद राजा विचारतो. पंडितांच्या वादात एकमेकांचे मुद्दे खोडले जातात, चुका दाखविल्या जातात व मान्यही केल्या जातात, पण कोणी रागावत नाही. राजे मात्र एक मत मांडतात आणि जो त्याला विरोध करील त्याला दंड करतात. राजा पंडितांच्या रीतीने बोलण्याचे मान्य करतो आणि मगच संवाद पुढे चालतो.

तुलनेच्या शास्त्राची ही पहिली अट आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. दोन विचारांची तुलना करावयाची, तर ते मांडणारे समान आसनावर बसलेले असले पाहिजेत. एकाच्या हाती दंड असेल आणि दुसऱ्याच्या हाती भिक्षापात्र, तर त्यांच्यात जे घडते ते राजवादच होय, मग शब्द कितीही गोड असोत. सर्व धर्म समान आहेत, हे वाक्य विहिरीवर पाणी भरू न देणारा जेव्हा तहानलेल्याला ऐकवितो, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ पालटतो.

मिलिंदपञ्हातून आणखी एक धडा मिळतो. इ.स. १७३९ मध्ये स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमनेही मानवी मनाचा शोध घेताना असे म्हटले की आपल्या आत पाहू जाता वेदना, संज्ञा, विचार यांचा प्रवाह सापडतो. त्यांच्यामागे राहणारा ‘मी’ सापडत नाही. अनात्मवादाशी याचे साम्य विलक्षण आहे आणि विद्वानांनी त्यावर पुष्कळ लिहिले आहे. परंतु ह्यूमला हा निष्कर्ष अभ्यासिकेतील एक बेचैनी वाटली. ती घालविण्यासाठी आपण मित्रांत मिसळतो व खेळात रमतो, असे तो प्रांजळपणे सांगतो. धम्मात मात्र अनात्मवाद हा आचरणाचा पाया आहे. ‘मी’ आणि ‘माझे’ यांची पकड सुटली की तृष्णा क्षीण होते व करुणेला वाट मिळते. निष्कर्ष एक, पण त्याचे जीवनातील कार्य वेगळे. तेव्हा दोन तत्त्वज्ञानांत काय सारखे आहे, एवढ्यावर न थांबता ती सारखी गोष्ट त्या त्या ठिकाणी कोणते काम करते, हे पाहिले पाहिजे.

जामचा परिसर आणि १९३६ चा वाद

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात जाम हे गाव आहे. नागपूरहून हिंगणघाटमार्गे हैदराबादकडे जाणारा महामार्ग येथून जातो आणि चंद्रपूरची वाट येथेच फुटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आणि १६ ऑक्टोबर रोजी चंद्रपूर येथे धम्मदीक्षेचे समारंभ झाले. त्या दोन दीक्षाभूमींच्या मध्ये हा चौरस्ता आहे. याच तालुक्यात गिरड येथे शेख फरीद यांचा दर्गा असून तेथे हिंदू व मुसलमान दोघेही जातात. वर्धा आणि सेवाग्राम ही येथून फार दूर नाहीत. बौद्ध, सूफी आणि गांधीवादी अशा तीन विचारांच्या वाटा ज्या परिसरात जवळ येतात, तेथील माणसाला तुलनेचा प्रश्न ग्रंथात शोधावा लागत नाही; तो त्याच्या दारावरूनच जातो.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात या जिल्ह्यात हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहिला. १९३३ साली जपानचे बौद्ध भिक्षू निचिदात्सु फुजी वर्ध्यास येऊन महात्मा गांधींना भेटले. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नामाचा त्यांचा घोष पुढे आश्रमाच्या प्रार्थनेत घेण्यात आला. उपनिषद, गीता, कुराण, अवेस्ता यांच्या शेजारी तो जपानी बौद्ध घोष आजही सेवाग्रामच्या प्रार्थनेत ऐकू येतो. वर्ध्यातील विश्वशांती स्तूप १९९३ साली उभा राहिला, तोही याच संबंधातून.

वेगवेगळ्या परंपरांतील वचने एकापाठोपाठ एक म्हणणे, ही तुलनेची एक रीत आहे. तिच्यात सद्भाव आहे, परस्परांविषयी आदर आहे आणि दंगलींनी होरपळलेल्या देशात त्याचे मोल कोणी नाकारू नये. परंतु या रीतीत प्रश्न विचारण्यास जागा नसते. प्रार्थनेत शेजारी बसलेले दोन विचार एकमेकांची उलटतपासणी करीत नाहीत. एकात मनुष्याचा दर्जा जन्माने ठरतो आणि दुसऱ्यात कर्माने, हा भेद सुरांच्या मेळात ऐकू येत नाही.

तो भेद १९३६ साली मोठ्याने बोलला गेला. येवला येथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली होती. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषणासाठी त्यांना निमंत्रण दिले, पण भाषणाची संहिता पाहून संमेलनच रद्द केले. ते भाषण बाबासाहेबांनी मे १९३६ मध्ये स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले. गांधीजी त्याच वर्षी सेगाव म्हणजे पुढील सेवाग्राम येथे राहू लागले होते. जुलै १९३६ मध्ये ‘हरिजन’ पत्रातून त्यांनी त्या भाषणाचा परामर्श घेतला. त्यांचा एक प्रमुख मुद्दा असा होता की कोणताही धर्म त्याच्या निकृष्ट अनुयायांवरून नव्हे, तर त्याने निर्माण केलेल्या उत्कृष्ट माणसांवरून पारखला पाहिजे. आणि ज्या धर्मात एवढे थोर संत झाले तो धर्म सर्वस्वी गुणहीन कसा असेल?

हा मुद्दा वरवर पाहता उदार आहे. तुलनेचा हा नियम सर्व धर्मांना सारखाच लागू केला तर कोणाचाच अवमान होत नाही. बाबासाहेबांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत जे उत्तर जोडले, त्यात त्यांनी या नियमाच्या मुळालाच हात घातला. श्रेष्ठ माणसे इतकी थोडी आणि निकृष्ट इतकी बहुत का, हा प्रश्न तरीही शिल्लक राहतो, असे त्यांनी दाखविले. याचे कारण माणसांच्या दुष्टपणात शोधावयाचे की त्यांना चुकीचा आदर्श देणाऱ्या शिकवणीत? जो आदर्शच चुकीचा आहे तो पाळणारा माणूस स्वभावाने सज्जन असला तरी अन्यायाचा वाहक होतो. संतांविषयी त्यांचे म्हणणे असे की, ईश्वराच्या दृष्टीने सर्व समान आहेत असे संतांनी सांगितले. परंतु माणसामाणसांतील समतेसाठी जातिव्यवस्थेविरुद्ध त्यांनी मोहीम उघडली नाही.

येथे एक पद्धतीचा नियम सिद्ध होतो. धर्माची परीक्षा त्याच्या शिखरावरील माणसांवरून करावयाची नाही. त्याच्या तळाशी असलेल्या माणसाच्या वाट्याला त्या धर्माने काय दिले, यावरून करावयाची आहे. हा नियम कोणत्याही एका धर्माविरुद्ध नाही. तो सर्वांना लागू आहे आणि आपल्यालाही लागू आहे. त्याचा विचार पुढे येईल.

सेवाग्रामात विसावलेले एक पालि पंडित

वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १८७६ साली गोव्यातील सांखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. बुद्धाच्या शोधात ते घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ असा प्रवास करीत सिंहलद्वीपास पोहोचले व १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांजवळ त्यांनी दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशातही त्यांनी साधना केली. १९१० पासून अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात विशुद्धिमार्गाच्या संपादनाचे काम त्यांनी केले. त्यांच्या हातून सिद्ध झालेली ती आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर १९५० साली तेथून प्रसिद्ध झाली. १९२९ साली ते लेनिनग्राडलाही गेले. गोवा, कोलंबो, हार्वर्ड आणि लेनिनग्राड अशी भ्रमंती केलेला हा पंडित लिहीत मात्र राहिला मराठीत.

१९३५ साली त्यांचा ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वैदिक, श्रमण, पौराणिक व पाश्चात्त्य या संस्कृतींचा क्रमाने विचार करून अखेरीस त्यांनी संस्कृती आणि अहिंसा यांचा संबंध तपासला. वैदिक संस्कृतीचा बाबिलोनशी संबंध जोडणारी त्यांची काही अनुमाने आजच्या संशोधनास मान्य होण्यासारखी नाहीत. तरीही त्या ग्रंथाची पद्धती लक्षात घेण्यासारखी आहे. संस्कृतींची नुसती यादी न करता त्या प्रत्येकीपुढे त्यांनी एकच प्रश्न ठेवला : हिंसेविषयी आणि परिग्रहाविषयी तुझे वर्तन काय? मृत्यूनंतर १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ या पुस्तकातही अहिंसा, सत्य, अस्तेय व अपरिग्रह हे चार याम त्यांनी कसोटीसारखे वापरले. अपरिग्रहाशिवाय अहिंसा टिकत नाही आणि अहिंसेशिवाय समाजवाद टिकत नाही, ही त्यांची धारणा होती.

कोसंबींनी मूळ पालि ग्रंथांच्या आधारे आणखी एक महत्त्वाचे काम केले. वृद्ध, रोगी, मृत व संन्यासी यांच्या दर्शनाने सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा त्यांना बुद्धीस पटणारी वाटली नाही. सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताकडे त्यांनी लक्ष वेधले. शस्त्रधारणामुळे भय निर्माण होते आणि अपुऱ्या पाण्यातील माशांप्रमाणे तळमळणारी माणसे एकमेकांशी झगडतात, हे पाहून वैराग्य उत्पन्न झाल्याचे त्या सुत्तात सांगितले आहे. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही चार दृश्यांची कथा नाकारली आहे आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात झालेला तंटा गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला आहे. दोन मराठी विचारवंत भिन्न वाटांनी एकाच ठिकाणी आले : दुःखाचा उगम केवळ जरामरणात नाही, माणसाने माणसाशी मांडलेल्या कलहात आहे.

१९३७ साली मुंबईच्या परळ भागात कामगारांसाठी बहुजनविहार उभा करण्यात कोसंबींचा पुढाकार होता. अखेरच्या काळात, व्याधींनी शरीर जर्जर झाल्यावर, त्यांनी अन्नत्याग केला व जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे देह ठेवला. हा मार्ग जैन परंपरेतील सल्लेखनेचा आहे. तुलनेचा विषय त्यांनी शेवटच्या श्वासापर्यंत जगून दाखविला, असे आदराने म्हणता येईल. तथापि त्यांच्या कसोटीची मर्यादाही सांगितली पाहिजे. चार याम हे व्यक्तीने पाळावयाचे संयम आहेत. ज्याच्यापाशी शस्त्र नाही, संपत्ती नाही आणि बोलण्याचा अधिकारही नाही, त्याने कशाचा त्याग करावा? अपरिग्रहाचे व्रत घेण्यासाठी आधी काही परिग्रह असावा लागतो. ज्यांच्यापासून सर्व काही हिरावून घेतले गेले, त्यांच्यासाठी संयमाच्या आधी न्यायाची कसोटी लागते.

याच काळात भदंत आनंद कौसल्यायन हे वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीचे काम पाहत होते. १९०५ साली पंजाबात जन्मलेल्या व सिंहलद्वीपात भिक्षू झालेल्या या विद्वानाने जातककथा हिंदीत आणल्या. पुढे त्यांनी बाबासाहेबांच्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद केला आणि त्यातील प्रसंगांची पालि मुळे शोधून दिली. १९८८ साली नागपूर येथे त्यांचे निधन झाले. वर्ध्याच्या गांधीवादी वर्तुळातून दीक्षाभूमीच्या जनतेकडे झालेला त्यांचा प्रवास हा वर सांगितलेल्या दोन तुलनापद्धतींमधील प्रवास आहे.

बाबासाहेबांची कसोटी

बाबासाहेबांनी न्यायाची ही कसोटी स्पष्ट शब्दांत मांडली. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनात हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानाची चिकित्सा आहे. धर्माची परीक्षा करण्यास काही निकष हवा, हे तेथे त्यांनी प्रथम सांगितले आणि तो निकष धर्माच्या इतिहासातूनच काढला. प्राचीन समाजात धर्माचा केंद्रबिंदू समाज व त्याचा देव हा होता. आधुनिक समाजात तो व्यक्ती हा झाला. म्हणून आधुनिक मनुष्याने न्याय आणि उपयुक्तता या दोन निकषांवर धर्म तपासावा, अशी त्यांची मांडणी आहे. त्यांच्या दृष्टीने न्याय याचा अर्थ स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा समुच्चय होय.

येथे आक्षेप घेतला जातो की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीचे आहेत. तेव्हा पाश्चात्त्य मापाने भारतीय धर्म मोजणे ही तुलना कशी? बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात याला उत्तर दिले. ही तत्त्वे आपण फ्रान्सकडून उसनी घेतली नसून आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत आणि त्यांची मुळे राजकारणात नसून धर्मात आहेत, असे त्यांनी सांगितले. या विधानाकडे कित्येक जण केवळ अभिमानाचा उद्गार म्हणून पाहतात. वस्तुतः त्यात एक तात्त्विक भेद दडलेला आहे.

फ्रान्समधील बंधुता नागरिकांची होती, आणि नागरिक कोण हे ठरविणारा कायदा होता. त्या बंधुतेत स्त्रियांना मताधिकार मिळण्यास १९४४ साल उजाडावे लागले. वसाहतींमधील गुलामगिरी १७९४ साली रद्द झाली खरी, पण १८०२ साली नेपोलियनने ती पुन्हा लागू केली. ज्या बंधुतेची सीमा कायदा आखतो, ती कायद्याबरोबर आखडते. धम्मातील मैत्रीला अशी सीमा नाही; ती सर्व प्राणिमात्रांना व्यापते. करुणा पुरेशी नाही, मैत्री हवी, असा बाबासाहेबांचा आग्रह होता, तो यामुळेच. करुणा दुःखितांकडे वळते. मैत्री शत्रूलाही वगळत नाही. एका संस्कृतीतील शब्द दुसरीतील शब्दाशेजारी ठेवून बाबासाहेबांनी त्यांतील लहान शब्द मोठा करून घेतला.

कार्ल मार्क्सच्या बाबतीतही त्यांनी हीच रीत वापरली. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. महापरिनिर्वाणापूर्वी सोळा दिवस आधीचे हे भाषण होय. याच विषयावरील त्यांच्या निबंधात मार्क्सच्या सिद्धान्तापैकी काळाने जे खोटे ठरविले ते त्यांनी बाजूला काढले आहे आणि जे उरले ते आदराने मांडले आहे. तत्त्वज्ञानाचे कार्य जगाची पुनर्रचना करणे हे आहे. समाजात वर्गावर्गांचे हितसंबंध परस्परविरोधी असतात. खासगी मालकीमुळे एकाला सत्ता व दुसऱ्याला दुःख प्राप्त होते. म्हणून ते दुःख दूर केले पाहिजे. यातील प्रत्येक मुद्द्यावर बुद्धाची भूमिका काय, हे त्यांनी दाखविले. भिक्षूजवळ चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, पाणी गाळण्याचे वस्त्र अशा मोजक्या वस्तूंपलीकडे काही नसावे, या विनयाच्या नियमात त्यांना हुकूमशाहीविना साकारलेला साम्यवाद दिसला.

ध्येयात इतके साम्य आढळूनही त्यांनी दोन्ही एकच आहेत असे म्हटले नाही. भेद साधनांत आहे आणि साधनांचा भेद गौण नाही, असे त्यांनी सांगितले. बळाने आणलेली समता बळ असेपर्यंत टिकते; मनाच्या परिवर्तनाने आलेली समता मनुष्य स्वेच्छेने जपतो. बळ हटल्यावर काय, हा त्यांचा प्रश्न होता. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला, तेव्हा तो प्रश्न विचारल्याला पस्तीस वर्षे झाली होती. त्याबरोबर हेही विसरता कामा नये की मार्क्सने विचारलेले दारिद्र्याचे प्रश्न सोव्हिएत संघाबरोबर संपले नाहीत. म्हणून बाबासाहेबांची तुलना मार्क्सच्या अनुयायांना जेवढी विचार करायला लावते, तेवढीच ती आपल्यालाही लावते.

आपलाही धम्म त्याच तराजूत

तुलना करणाऱ्याच्या हाती लागणारा सर्वात सोपा डाव म्हणजे आपल्या परंपरेतील उत्तम घ्यावे व दुसऱ्याच्या परंपरेतील अधम घ्यावे. कालामांनी केसपुत्त येथे तथागतांपुढे हीच तक्रार मांडली होती : जो येतो तो आपले मत उजळून दाखवितो व दुसऱ्याचे तुडवितो, मग खरे कोणाचे मानावे? तथागतांनी त्यांना आपल्या मताची थोरवी सांगितली नाही. ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथप्रामाण्य यांवर न विसंबता लोभ, द्वेष व मोह यांची वाढ कशाने होते आणि ऱ्हास कशाने होतो, हे स्वतः पाहा, असे सांगितले.

तेव्हा तळाच्या माणसाची कसोटी आपण बौद्ध देशांच्या इतिहासालाही लावली पाहिजे. सिंहलद्वीपात १७५३ साली सयामच्या साहाय्याने उपसंपदा पुन्हा सुरू झाली, पण थोड्याच काळात ती गोयिगम या वरिष्ठ जातीपुरती मर्यादित करण्यात आली. ज्यांना दार बंद झाले त्यांनी ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घेतली व १८०३ च्या सुमारास अमरपुर निकाय स्थापन केला. जपानमध्ये बुराकू समाजातील मृतांना कित्येक मंदिरांनी हीनतादर्शक धम्मनामे दिल्याचा इतिहास आहे. थेरवादी देशांत भिक्षुणीसंघाची परंपरा शतकानुशतके खंडित राहिली. १९९६ साली सारनाथ येथे व १९९८ साली बुद्धगया येथे झालेल्या उपसंपदांनी तिला पुन्हा वाट मिळाली, आणि तीही सर्वमान्य झालेली नाही.

या गोष्टी सांगितल्याने धम्म लहान होत नाही. ज्या कसोटीने आपण दुसऱ्याला पारखतो तीच स्वतःला लावतो, तेव्हाच आपला वाद पंडितवाद ठरतो. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच गृहत्यागाची कथा, चार आर्यसत्ये, कर्म व पुनर्जन्म आणि भिक्षूचे प्रयोजन यांविषयी चार प्रश्न उभे केले. श्रद्धेय ग्रंथाचा आरंभ प्रश्नांनी करण्याचे धैर्य ज्या परंपरेत आहे, तिला तुलनेचे भय बाळगण्याचे कारण नाही.

वाट दाखविणारा

श्रावस्तीच्या पूर्वारामात गणक मोग्गल्लान नावाच्या ब्राह्मणाने तथागतांना विचारले की आपला उपदेश ऐकूनही कोणी निर्वाणास पोहोचतात व कोणी पोहोचत नाहीत, असे का? तथागतांनी त्याला उलट प्रश्न केला : राजगृहाची वाट तुला ठाऊक आहे, तू ती दोघांना नीट सांगितलीस, एक पोहोचला आणि दुसरा भलत्याच दिशेला गेला, तर त्यात तुझे काय चुकले? आपण वाट दाखविणारे आहोत, असे तथागत म्हणाले. बाबासाहेबांनी हा संवाद आपल्या ग्रंथात आवर्जून घेतला आणि मोक्षदाता व मार्गदाता यांतील भेद त्यावरून स्पष्ट केला. १९५० साली महाबोधि सभेच्या मासिकात लिहिलेल्या लेखातही येशू, महंमद व कृष्ण यांच्याशी बुद्धाची तुलना करताना त्यांनी नेमके याच भेदावर बोट ठेवले होते.

जामच्या चौरस्त्यावर कोणी वाटसरूने चंद्रपूरची वाट विचारली आणि आपण त्याला सांगितले की साऱ्या वाटा शेवटी एकाच ठिकाणी जातात, तर तो आपल्याला उदार म्हणणार नाही. येथून एक वाट नागपूरला जाते, एक हैदराबादला, एक चंद्रपूरला. कोणत्याही वाटेचा द्वेष करण्याचे कारण नाही. पण कोणती कोठे जाते हे खरेखरे सांगणे हाच वाटसरूविषयीचा आदर होय. बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे ही समजूत नाकारण्याची प्रतिज्ञा आहे, ती याच कारणासाठी. दुसऱ्या कोणाचा अवमान करणे हा तिचा हेतू नाही. आपण ज्या वाटेने चाललो तिचे नाव कोणी दुसऱ्याच वाटेला देऊ नये, एवढाच तिचा अर्थ आहे.

आपल्या विहारांतून वर्षावासात ग्रंथवाचन होते. त्याला जोडून बौद्ध व अन्य तत्त्वज्ञानांच्या तुलनात्मक वाचनाचा परिपाठ तरुणांसाठी सुरू करता येईल. गीता आणि धम्मपद, मार्क्स आणि विनय, ह्यूम आणि मिलिंदपञ्ह ही मूळ ग्रंथांतून, पूर्वग्रह न ठेवता वाचावीत. वाचताना तीन प्रश्न समोर असावेत : बोलणारे समान आसनावर आहेत काय? सारखी दिसणारी गोष्ट दोन्हीकडे तेच कार्य करते काय? आणि सर्वात खाली उभ्या असलेल्या स्त्रीपुरुषांना यातून काय मिळाले? सर्व धर्म सारखेच आहेत असे आपल्या मुलाला कोणी ऐकविले, तर त्याने रागावू नये आणि मानही खाली घालू नये. त्याने शांतपणे हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर ऐकून घेण्यास तयार राहावे.